सतरा नंबरची चाल

पिंपळदऱ्यात नगरपरिषदेचं स्वतःचं गोल्फचं मैदान आहे असं सांगितलं, की बाहेरचा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "खेळतं कोण?"

खेळायचे बरेच जण. धरण बांधताना निघालेला मुरूम ज्या माळावर टाकला होता, तिथे पाटबंधारे खात्यातल्या कुणा हौशी इंजिनिअरनं नऊ खड्ड्यांचं मैदान आखलं होतं. वसाहत भरलेली होती तोवर साहेबलोक खेळले. मग बदल्या झाल्या, बंगले ओस पडले आणि माळ नगरपरिषदेच्या गळ्यात आला. साहेबांच्या पिशव्या उचलणारे मात्र गावातच राहिले. त्यातला एक शिंपी झाला, एक कंपाउंडर झाला, एक एसटीत चिकटला, आणि सगळे खेळत राहिले. त्यांच्या नादानं गावातले मास्तर, तलाठी, दूधवाले खेळायला लागले. चपला घालून, उसन्या काठ्यांनी, पण खेळायचे.

या गोल्फमाळाची मुकादम होती उज्ज्वला बोडखे. वय पंचावन्न. बावीस वर्षं ती या गवताची निगा राखत होती, आणि तिचा नवरा सोपान गवत कापायचं यंत्र चालवत होता. पंपघराला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, त्यात दोघं राहायचे. मुलगी मृणाल नाशिकला एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती.

दोन हजार त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात गावाला चौथ्या दिवशी नळाला पाणी यायला लागलं आणि माळावर गदा आली. "माणसांना चौथ्या दिवशी आणि गवताला रोज?" असा फलक एका सकाळी फाटकावर लागला. उज्ज्वलानं तो वाचला, आणि तिला तो लावणाऱ्याचा राग येईना. त्याचं खरंच होतं.

माळ बंद पडायचा, तेवढ्यात काचदोरा आला.

कृषी विद्यापीठाचा तो एक प्रयोग होता. केसापेक्षा जरा जाड असा काचेचा तंतू नळीत घालून सगळ्या माळाखाली वीतभर खोल पुरला. त्याच्या एका टोकातून प्रकाशाचे बारीक ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी सूक्ष्म खोट असते, आणि तिथून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन ओली झाली, तापली किंवा दबली, की त्या जागचा तंतू नकळत ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. म्हणजे एकच तंतू, पण त्याला हातहातभर अंतरावर एकेक कान असल्यासारखं. पंपघरातल्या पडद्यावर उज्ज्वलाला सगळा माळ दिसायचा. कुठलं गवत तहानलेलं, कुठलं तुडवलं गेलंय, कुठे मुळाशी पाणी साचलंय. जिथे हवं तिथेच पाणी द्यायचं, तेही गावाचं सांडपाणी गाळून. वर्षभरात पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

पण तरीही नगरसेवकांचं म्हणणं, की खेळणारे साठ आणि गाव चाळीस हजारांचं. साठ जणांसाठी एवढी जागा अडवायची का?

हा प्रश्न हवेत असतानाच डॉ. मेहरुन्निसा तांबोळी पिंपळदऱ्याला आल्या. पुण्यातल्या एका मेंदूविज्ञान संस्थेत त्या काम करत. वय पस्तिशीचं, पायात कायम बूट, आणि चहा बशीत ओतून पिण्याची सवय. काचदोऱ्यातून जी माहिती येत होती, तिच्यातली बरीचशी विद्यापीठवाले कचरा म्हणून टाकून देत. तो कचरा त्यांनी मागून घेतला होता.

"उज्ज्वलाताई, तो कचरा म्हणजे पावलं आहेत," पंपघराच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या. "प्रत्येक माणसाचं प्रत्येक पाऊल. किती जोरात पडलं, किती लांब पडलं, दोन पावलांमध्ये किती वेळ गेला."

"त्याचा काय उपयोग?"

"चालताना तुम्ही चालण्याचा विचार करता का?"

उज्ज्वला हसली. "चालण्याचा कोण विचार करतं?"

"नाहीच करत. मेंदूच्या तळाशी एक छोटासा भाग आहे, तो ते काम बिनबोभाट करतो. कंपवातात हाच भाग झिजतो. हात थरथरायला लागतो तोवर तिथल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. पण त्याच्या चार-पाच वर्षं आधी चाल बदललेली असते. एका बाजूचं पाऊल किंचित आखूड पडतं, ठेका कमी-जास्त होतो. डोळ्यांना दिसतही नाही."

"मग दवाखान्यात दिसत असेल."

"तिथे तर अजिबात नाही. दवाखान्याची फरशी सपाट, आणि समोर डॉक्टर. माणूस लक्ष देऊन चालतो. लक्ष दिलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं वेळ मारून नेतो. इथे चढउतार आहे, गवत आहे, आणि लक्ष सगळं चेंडूवर. इथे पाऊल लपत नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "आता जी औषधं आलीत, ती झीज भरून काढत नाहीत. पण वेळेवर सुरू केली तर झीज इतकी मंदावते, की माणूस बरीच वर्षं आपलं आपण सगळं करू शकतो. सगळं त्या वेळेवर अडलंय."

तिथून माळाचं रूप पालटलं. नगरपरिषदेनं सकाळचे दोन तास माळ सगळ्यांसाठी खुला केला. खेळायचं त्यानं खेळावं, चालायचं त्यानं चालावं, फक्त गवतातून चालायचं आणि गप्पा मारत चालायचं. यंत्र प्रत्येक चालीला एक नंबर देई. नंबर कुणाचा, हे एका बंद यादीत असे आणि ती यादी उपजिल्हा रुग्णालयाच्या ताब्यात. ज्याला आपला निकाल हवा त्यानं स्वतः जाऊन मागायचा. रुग्णालयानं तो दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही, मग तो नवरा असो, बायको असो की मुलगा. तांबोळी बाई या एका गोष्टीवर अडून बसल्या होत्या.

पहिले दोन महिने जत्राच. आसपासच्या खेड्यांतून टमटम भरून म्हातारी माणसं यायची. बायका पदर खोचून उतारावरून चालायच्या, मध्येच एखादी दुसरीची काठी घेऊन चेंडूला टोला मारून बघायची आणि सगळ्याजणी हसत सुटायच्या. उज्ज्वलाला पहिल्यांदाच वाटलं, की आपण राखलेलं गवत गावाचं आहे.

मग भीती आली.

ट्रॅव्हल्सच्या एका मालकानं आपल्या सगळ्या ड्रायव्हरांना फर्मान सोडलं, की माळावर चालून या आणि निकाल आणून दाखवा. लग्नाच्या एका बैठकीत वराच्या मामानं सुपारी फुटण्याआधी विचारलं, "मुलीचे वडील माळावर जातात म्हणे. काय निघालं?" ते वडील दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. टमटम थांबल्या. नेमानं खेळणारे काही जणही कुंपणाला लागून चालायला लागले. तिथे चार फुटांच्या पट्टीत काचदोरा नव्हता. महिन्याभरात त्या पट्टीतलं गवत मरून पांढरी पायवाट पडली. पाटोळे सर, निवृत्त मुख्याध्यापक, तीस वर्षांचे खेळाडू. चेंडू मारायला आत यायचे आणि मारला की पुन्हा कुंपणाकडे जायचे.

एप्रिलअखेरच्या सभेत माळाचा कायमचा निकाल लावायचं ठरलं.

* * *

रोज संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद झालं, की उज्ज्वला आणि सोपान नवव्या खड्ड्यापर्यंत चालत जात. पाण्याच्या झडपा तपासायच्या, उकरलेली माती दाबायची, आणि परत यायचं. त्या वेळी माळावर दुसरं कुणी नसे. त्यामुळे पडद्यावर संध्याकाळच्या ज्या दोन रेघा उमटत, त्या या दोघांच्या असणार हे उघड होतं. रेघांवर नंबर होते, सतरा आणि अठरा. कोण सतरा आणि कोण अठरा हे तिला ठाऊक नव्हतं, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यानं काही बिघडतही नव्हतं.

फेब्रुवारीत सतरा नंबरची रेघ पिवळी झाली.

पाण्याच्या पडद्यावर हा रंग दिसायलाच नको होता. यंत्र बसवताना चाचणीसाठी ठेवलेली ती सोय काढायची राहून गेली होती. पिवळं म्हणजे काय, हे तांबोळी बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. चाल बदललीय.

उज्ज्वला पडद्यासमोर बसून राहिली. मग तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. सोपान यंत्राची पाती पुसत होता. अलीकडे तो हळू चालायचा, हे तिच्या लक्षात आलं होतं. पूर्वी पुढच्या खड्ड्यावरच्या झेंड्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि "चल की गं" म्हणून हाक मारायचा. आता बरोबरीनं, रमतगमत चालायचा. तिला ते आवडलंही होतं. वयाबरोबर माणूस मऊ होतो, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्याचा अर्थ हा होता तर.

त्या रात्री तिनं त्याला हळद घातलेलं दूध दिलं. त्यानं विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "थंडी आहे." पुढे रोजच दूध यायला लागलं. पंपघराच्या पायरीला तिनं हाताला धरायला पाइप बसवून घेतला. यंत्र चालवायला दुसरा माणूस मिळतो का, याची चौकशी केली. जेवताना तो घास उचलायचा तेव्हा ती त्याच्या बोटांकडे बघायची. बोटं स्थिर होती. पण तांबोळी बाई म्हणाल्याच होत्या, की हात फार उशिरा सांगतो.

पडद्याकडेही ती रोज बघायची. दोन्ही रेघा शेजारी शेजारी. सतराचं डावं पाऊल आखूड पडे, आणि जिथे ते आखूड पडे तिथे अठराचं पाऊलही थोडं आखडतं येई, जणू थांबून घेई. तिला भरून यायचं. आपल्याला काही ठाऊक नसतानाही आपले पाय याला सांभाळून घेत होते.

मार्चमध्ये तांबोळी बाई आल्या, तेव्हा तिनं आडवळणानं विचारलं. "मॅडम, समजा घरातल्या माणसाचं कळलं, आणि तो स्वतः विचारायला जातच नाहीये. तर आपण सांगावं का?"

तांबोळी बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. पडद्याकडे बघितलं. पिवळी रेघ त्यांनाही दिसली असणार.

"हा रंग इथे राहिला ही माझी चूक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आज काढून टाकते."

"नका काढू."

"ताई—"

"सभेपर्यंत तरी नका काढू. मला बघू दे. वाढतंय का, तेवढं तरी बघू दे."

"तुम्ही स्वतः तुमचा निकाल का मागत नाही?"

"माझा? माझा कशाला? मी धडधाकट आहे."

तांबोळी बाई काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. त्यांच्याच नियमानं त्यांचं तोंड बांधलं होतं. "एकदा मागून बघा," एवढंच त्या म्हणाल्या. "दोघंही जा."

उज्ज्वलानं ते मनावर घेतलं नाही.

* * *

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोपान भाच्याच्या साखरपुड्याला भुसावळला गेला. दोन दिवसांसाठी. उज्ज्वलाला रजा मिळाली नाही. संध्याकाळी फाटक बंद करून ती एकटीच नवव्यापर्यंत गेली, झडपा बघितल्या, परत आली आणि पाणी सोडायला पडद्यासमोर बसली.

पडद्यावर एकच रेघ होती. पिवळी. तिच्यावर सतरा.

आधी तिला वाटलं, सोपान लवकर परत आला. ती तशीच बाहेर आली. "अहो! आलात का?" हाक माळावरून गेली. आठव्याचा झेंडा वाऱ्यावर हलत होता. दुसरं कुणी नव्हतं.

तिनं फोन लावला. पलीकडे माणसांचा गलका होता.

"पोचलात का नीट?"

"अगं, दुपारीच पोचलो की. बोललो नव्हतो का? चहा घेतलास?"

"घेतला."

"आवाज असा का येतोय?"

"वारा आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती पुन्हा गवतात उतरली. दहा पावलं सरळ चालत गेली, वळली, दहा पावलं परत आली. पडद्यावर पहिल्या रेघेशेजारी दुसरी, छोटी रेघ उमटलेली होती. जाताना दहा, येताना दहा. तीही पिवळी. तिनं आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. साधी चप्पल, टाचेला थोडी झिजलेली. उजवी काढून तिच्या शेजारी ठेवली. उजवीची टाच अजून जाड होती.

तिला भीती वाटायला थोडा वेळ लागला. आधी मनात आलं ते एवढंच, की सोपानला काही झालेलं नाही. दोन महिने छातीवर ठेवलेला दगड उतरला, आणि तो उतरतानाच दुसरा चढला, आणि दोन्ही एकदमच झाल्यामुळे ती पंपघराच्या पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपान आला. पिशवीत साखरपुड्याचे पेढे होते. तिनं त्याला पाणी दिलं, समोर बसली आणि सरळच विचारलं.

"तुम्ही हळू का चालता?"

सोपानचा तांब्या तोंडाशीच राहिला.

"माझ्यासोबत चालताना. गेल्या वर्षापासून. का?"

"वय झालं."

"खोटं बोलू नका. अठरा नंबर तुम्ही आहात. हळू चालता, पण ठेका सरळ आहे. मी बघितलंय."

त्यानं तांब्या खाली ठेवला. पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"तुला कळलं कसं?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं ते सांगा आधी."

"गेल्या दिवाळीत चुलीवर दूध करपलं. सगळी खोली वासानं भरली होती. तू शेजारीच बसली होतीस आणि तुला वास आला नाही. मला वाटलं, सर्दी असेल. मग तू मागं राहायला लागलीस. मी झेंड्यापाशी पोचायचो आणि वळून बघायचो तर तू अर्ध्यातच. मी हाक मारली की तू धापा टाकत यायचीस, आणि वर मलाच म्हणायचीस, तुम्हाला कसली एवढी घाई. तुझं तुला कळतच नव्हतं. मग मीच हळू चालायला लागलो."

"आणि सांगितलं नाहीत."

"काय सांगू? मी काय डॉक्टर आहे? त्या मॅडम आल्या, त्यांनी सगळं समजावलं, यात आधी वास जातो हेही सांगितलं, तेव्हा मात्र कळलं. रोज ठरवायचो, आज सांगू. संध्याकाळी तू इतकी खुशीत असायचीस माळावर. ते बाया हसल्याचं, चेंडू मारल्याचं सांगत." त्यानं बोटाची दोरी सोडवली. "चुकलंच माझं. औषध लवकर घ्यायचं असतं हे ठाऊक असून मी चार महिने घालवले."

उज्ज्वलाला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दोन महिने मी तुम्हाला हळदीचं दूध पाजतेय. तुम्ही गुपचूप पिताय?"

"मला वाटलं, तुला कशाची तरी काळजी लागलीय, प्यायलो की तुला बरं वाटतं."

ती हसायला लागली आणि तिचं हसू मध्येच फुटलं. सोपान उठून तिच्याशेजारी येऊन बसला. बाहेर पाण्याचे फवारे सुरू झाले होते, ते कुणी बंद करायला उठलं नाही.

* * *

रुग्णालयात तिनं स्वतः जाऊन निकाल मागितला. पुढच्या तपासण्या नाशिकला झाल्या; मृणालला तेव्हा काही कळवलं नाही. सुरुवातच आहे, डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या सुरू केल्या.

सभेला चार दिवस उरले होते. तांबोळी बाई पंपघरात येऊन बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच खचलेल्या दिसत होत्या. "सभेत मला विचारणार, कुणाला उपयोग झाला? आकडे सांगेन, पण आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि नाव मी एकही घेऊ शकत नाही."

त्या गेल्यावर उज्ज्वला सोपानला म्हणाली, "मी माझं नाव घेतलं तर?"

"गाव काय काय बोलेल."

"बोलेल. मला मृणालचं वाटतं."

मृणालला एक स्थळ आलं होतं. दोन्हीकडून पसंती होती, पुढच्या बोलण्याची तारीख निघायची होती. उज्ज्वलानं तिला फोन करून सगळं सांगितलं. मृणाल आधी आजाराबद्दल विचारत राहिली, गोळ्यांची नावं, मात्रा, पुढची तपासणी कधी. मग उज्ज्वलानं सभेचं सांगितलं.

"मला दोन दिवस दे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "आई, सांग तू. मी त्यांना आधीच कळवलंय. नंतर दुसरीकडून कळायला नको." त्यांचं म्हणणं काय पडलं, हे उज्ज्वलानं विचारलं नाही. आवाजावरूनच कळलं.

सभा नगरपरिषदेच्या जुन्या सभागृहात होती. नगराध्यक्ष प्रल्हाद डोंगरे मध्ये, दोन्ही बाजूंना एकवीस नगरसेवक, आणि मागच्या बाकांवर गाव. तांबोळी बाईंनी पडद्यावर आलेख दाखवले. एक नगरसेवक उठला, ठरलेला प्रश्न विचारला.

"मॅडम, आलेख छान आहेत. पण या माळानं बरं केलेला एक माणूस दाखवा. एक तरी नाव सांगा."

"मी सांगू शकत नाही."

"म्हणजे नाहीच ना?"

मागच्या बाकावर पाटोळे सर बसले होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

उज्ज्वला उठून उभी राहिली. डोंगऱ्यांनी हात केला. "बोडखेबाई, कर्मचाऱ्यांनी सभेत बोलायचं नसतं."

"मी मुकादम म्हणून बोलत नाहीये, साहेब. सतरा नंबर म्हणून बोलतेय."

सभागृहात कुजबूज झाली आणि थांबली.

"मला कंपवात आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तो आजारानं नव्हे. "हात थरथरत नाही. जेवते, खाते, काम करते. तुम्ही कुणी ओळखलं नसतं, मीही ओळखलं नव्हतं. गवतानं ओळखलं. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर आलेला पेशंट आम्ही वर्षात दोन-तीन बघतो. माळ बरं करत नाही. माळ लवकर सांगतो. आता तुम्ही म्हणाल, हे कळून काय मिळालं? मला वेळ मिळाला. किती, ते ठाऊक नाही. पण जो मिळाला तो माझा आहे, आणि तो या माळानं दिलाय."

तिनं पदर सावरला.

"कुंपणाला लागून जी पायवाट पडलीय, ती मी रोज बघते. तिच्यावरून कोण कोण चालतं, तेही बघते. कुणाचं नाव घ्यायला मी आले नाही. मला एवढंच म्हणायचंय, की त्या पायवाटेवर चाललं म्हणून आजार होत नाही असं नसतं. फक्त उशिरा कळतं."

ती बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी उठून आपला नंबर सांगितला नाही. मतदान झालं. एका मतानं माळाला एक वर्ष मिळालं, तेही अटींवर. सकाळी दोनऐवजी चार तास लोकांना खुला ठेवायचा, आणि नळाच्या पाण्याचा एक थेंब वापरायचा नाही. त्यासोबत तांबोळी बाईंच्या आग्रहावरून एक ठरावही मंजूर झाला. माळावरचा निकाल नोकरीसाठी किंवा लग्नासाठी मागणाऱ्यावर पोलिसांत तक्रार होईल. ठराव कागदावरच राहील, असं लोक म्हणाले. पण ट्रॅव्हल्सचा मालक गप्प झाला हे खरं.

मृणालच्या स्थळाकडून फोन आला नाही. "बरं झालं, वेळीच कळले," असं ती म्हणाली, आणि मग सुट्टी टाकून घरी आली, आठ दिवस राहिली आणि रोज संध्याकाळी आईबरोबर माळावर चालली.

सभेनंतरच्या तिसऱ्या सकाळी पाटोळे सर आले. पहिला चेंडू मारला, पिशवी उचलली आणि सवयीनं कुंपणाकडे वळले. चार पावलं गेले. उभे राहिले. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि माळाच्या मधोमध, चेंडू जिथे पडला होता तिकडे सरळ चालत गेले. उज्ज्वला झडपेपाशी वाकली होती. शेजारून जाताना ते म्हणाले, "उज्ज्वला, तिसऱ्याच्या उतारावर गवत छान धरलंय हं." तिनंही "हो सर" म्हटलं, आणि खालीच बघत राहिली. त्यांचं रडू तिला दिसलेलं त्यांना आवडलं नसतं.

पावसाळ्यात कुंपणाजवळच्या पायवाटेवर पुन्हा कोंब फुटले. टमटम यायला लागल्या. आधीएवढ्या नाही, पण यायला लागल्या.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी दोघं नेहमीसारखे नवव्याकडे निघाले होते. गोळ्या मानवल्या होत्या. डावा पाय तसाच होता, सुधारला नव्हता आणि बिघडलाही नव्हता. सोपान तिच्या पावलाला पाऊल जुळवत होता, इतक्या सवयीनं, की त्यालाही ते जाणवत नसावं.

उज्ज्वला थांबली.

"तुम्ही पुढं व्हा."

"का? दमलीस?"

"नाही. तुमच्या चालीनं चाला. मी माझ्या चालीनं येते."

"अगं, कशाला? मला काही—"

"मला बघायचंय," ती म्हणाली. "वर्ष झालं, तुम्हाला चालताना बघितलंच नाही मी. शेजारीच असता."

सोपान जरा घुटमळला. मग निघाला. आधी दोन-चार पावलं अवघडून, मागं वळून बघत. "बघू नका मागं," ती ओरडली. मग त्याचे पाय सुटले. लांब लांब ढांगा टाकत तो उतार उतरला, पलीकडचा चढ चढला, सदरा पाठीवर फुगला होता. तो इतका भराभर चालतो हे ती विसरूनच गेली होती.

नवव्याच्या झेंड्यापाशी जाऊन तो थांबला आणि वळला. परत तिच्याकडे आला नाही. एक हात झेंड्याच्या काठीवर टेकून, दुसरा कपाळावर आडवा धरून उन्हात डोळे बारीक करून तिच्याकडे बघत उभा राहिला.

"चल की गं," त्यानं हाक मारली.

"येतेय," उज्ज्वला म्हणाली, आणि घाई न करता चालायला लागली.